पलंगावरची वियोला

नॉर्देस्ते, साव मिगेल बेट
११ फेब्रुवारी १९७१

चि. एव्हरिस्तोस देओलिंदाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी तार मिळाली. परदेशातून निघायची कागदपत्रं झाली नाहीत म्हणून बाबांच्या मातीला येता आलं नाही, यात तुझा काय दोष? त्यांना पोचवून आल्यावर मी गायीचं दूध काढलं, मक्याची भाकरी भाजली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. आईचंही तसंच. समोरच्या इर्मेलिंदाकाकूच रडत होत्या आणि आम्ही दोघी त्यांना पाणी देत होतो.

आई चुलीपाशी खुर्चीतच झोपते. ऊब असते म्हणते. पलंग मात्र रोज आवरते आणि बाबा वाजवायचे ती वियोला नेहमीसारखी चादरीच्या मधोमध ठेवते. तू नीट जेवतोस ना? तिथला पाव म्हणजे कापूस, असं तूच लिहिलं होतंस.

माया आहेच, समुद्रामुळे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

फॉल रिव्हर, २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तार आली त्या दिवशी मी गिरणीत दोन्ही पाळ्या केल्या. आत काही हललंच नाही.

एक मागणं आहे. वियोला पाठव. बाबांनी ती मला कबूल केली होती. इथे आपली माणसं पवित्र आत्म्याच्या सणाला जमतात, पण बारा तारांची, पोटावर दोन बदाम कोरलेली वियोला एकाकडेही नाही. गिटारवर आपली गाणी वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या बुटात पाय घालणं. आपल्या गावचा जेर्वाझियो एप्रिलमध्ये इकडे येतोय, त्याच्याकडे दे. पलंग मोकळा झाला की आईही तिथे झोपेल.

आईच्या पायांना नमस्कार. माझी आठवण असू दे.
एव्हरिस्तो

नॉर्देस्ते, १९ एप्रिल

चि. एव्हरिस्तोस आशीर्वाद.

जेर्वाझियो रिकाम्या हातांनी येतोय. आधी ऐक, मग चीड.

मी वियोला गोधडीत बांधून ठेवली, तरी आई खुर्चीतच. शेवटी खडसावून विचारलं. म्हणाली, रोज रात्री वियोला उचलायचं काम तुझ्या बाबांचं. ते उचलायचे, मग मी आडवी व्हायची. आता त्यांनी उचललीच नाही, तर मी झोपू कशी?

मी गोधडी सोडली, वियोला बाबांच्या बाजूला भिंतीकडे ठेवली आणि दुपारी आईला हाताला धरून शेजारी निजवलं. ती वळली आणि तिचं कोपर तारांना लागलं. दुखवट्याच्या घरात वर्षभर सूर निघायचा नाही, आणि इथे बाराच्या बारा तारा वाजल्या. इर्मेलिंदाकाकूंनी खिडकी उघडली. आईने घाईघाईने तारांवर तळवा दाबला आणि तशीच रडायला लागली. मग मीही. त्या रात्रीपासून ती पलंगावर झोपते.

वियोला तुझी आहे, मला माहीत आहे. तरी नाही दिली. राग आला तरी पत्र थांबवू नकोस.
ताई

फॉल रिव्हर, ६ मे

ती. ताईस सा. न.

ती भिंतीकडेच राहू दे. मी यंदा सणाला टाळ्या वाजवीन, त्या तरी येतात मला.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मुकादमाने विचारलं, डोळ्यांना काय झालं. वडील वारले, म्हणालो. कधी, म्हणाला. आत्ता, म्हणालो.

तुम्हा दोघींचा,
एव्हरिस्तो