पालथं ताट

हिवरवाडी, मंठ्याजवळ
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८५९

चिरंजीव राधाकिसन,

तुझ्या दादाचा, धुळाजीचा, तुला आशीर्वाद, आणि आईचा माझ्याहून एक जास्त, असं तिने बसल्या जागेवरून सांगितलंय. तिच्या डोळ्यांवरचा पडदा आता दोन्हीकडे सारखाच आहे. दारात माणूस उभं राहिलं तर उजेड अडला एवढंच तिला समजतं. बाकी जीव बराबर. बाजरी काढून झाली. मेंढरं ठीक आहेत, दोन लंगडतात, त्यांना औषध चालू आहे.

तुझ्या पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छापखान्याची तपासायची पानं, रामराव मास्तरांच्या हस्ते पोचले. फर्मे जल्दी तपासा, पुस्तक निघालं की कॉलेजात धर्मविद्येच्या जागेवर माझी कायमची नेमणूक होईल, असं तू लिहिलंस. आणि खाली, सही झाल्यावर, कोपऱ्यात लिहिलंस की क्वार्टर मिळालंय, तेव्हा दिवाळीआधी तुझ्या बायकोला, गोपिकाबाईला, मास्तरांच्या सोबतीने पाठवून द्यावं. तेही वाचलं. त्याच्याकडे येतो. आधी फर्मे.

पान बारा. घोंगडं काळं, असं लिहिलंस. देवापुढचं घोंगडं काळं असतं खरं, पण त्याला पांढऱ्या लोकरीची किनार असते, आणि ती किनार देवाकडे करायची. पान एकोणीस. भंडारा आधी ढोलाला, मग माणसाच्या कपाळाला. तू उलटं लिहिलंस. हे मी तुला मागच्या वर्षी बिलकुल स्पष्ट कळवलं होतं. पान एकतीसला बिरोबाच्या नैवेद्यात गूळ घातलास, तो काढ.

पान चाळीसबद्दल मात्र थोडं भांडायचं आहे. अंगात वारं येणं म्हणजे सूफींचा वज्दच, त्यांची ती बेभान होण्याची अवस्था, असं तू म्हणतोस. तुझं उर्दू सुंदर आहे आणि पानभर आधार दिलेत. पण मंठ्याच्या मुन्शींकडून वज्दावरची पुस्तकं आणून मीही वाचलीत. मुन्शींना रोज शेर दूध पोचवायचो आणि एक पान शिकून यायचो, तुझ्या जन्माच्या आसपास. डिग्री नसेल, वाचन आहे. वज्दात माणूस देवाकडे निघतो. त्यासाठी जप करतो, उपास करतो, उस्तादाचं ऐकतो. म्हणजे त्याच्या हाती काही असतं. वाऱ्यात देव माणसाकडे येतो, आणि कोणाकडे जायचं ते त्याचं तो ठरवतो. तुझ्या सगळ्या प्रकरणात हा फरक कुठेच न्हाई. मला वाटायचं की हा फरक मला चांगला कळलाय.

पान चौसष्टवर मी अजून काही दुरुस्ती केलेली न्हाई. ते शेवटी.

आबा गेले तेव्हा दहाव्याला तू आलास, दोन दिवस राहिलास. निघताना म्हणालास, "दादा, काठी कोणाकडे जाते ते तपशिलात कळवा, पुस्तकाला जोड देता येईल." तो तपशील आता देतो. तुझ्या पुस्तकात रीत नीट आली आहे. भगत, म्हणजे आपल्या आबांसारखा देवाची काठी सांभाळणारा, वारला की पुढच्या नवरात्रात त्याच्या घरची माणसं घोंगड्यावर बसतात, ढोल वाजतो, ओव्या होतात, आणि ज्याच्या अंगात वारं येईल त्याच्या हाती देवाची काठी. दसऱ्याला सीमोल्लंघनापर्यंत घरात कोणालाच आलं न्हाई तर काठी भावकीत जाते, म्हणजे ओढ्यापलीकडे कचरूकडे. काठी घेणाऱ्याने पुढच्या दसऱ्यापर्यंत शिवेबाहेर मुक्काम करायचा न्हाई.

घरची माणसं म्हणजे कोण? तू तिकडे. उरलो मी. तुझी वहिनी जाऊन सहावं वर्ष चालू आहे आणि आमच्या पोटी काही न्हाई, हे तुला माहीत आहे. म्हणजे अंगणातल्या देव्हाऱ्यापुढे घोंगड्यावर मी एकटा.

कचरू रोज ओढा ओलांडून यायचा, तपकीर ओढत समोर बसायचा आणि विचारायचा, "काय धुळाजी, हाललं का काही?"

मी म्हणायचो, "देव हाये तो. तुझ्या घरचा गडी न्हाई, हाक मारली की यायला."

"न्हाई, मला वाटलं, एवढं वाचलेलं माणूस बसून राह्यलं. देवाला शरम वाटत आसंल."

लोक हसले. हसू दे. सगळ्या ओव्या मला पाठ आहेत, कोणती कुठे तुटते आणि ढोल कुठे चढतो ते इथे माझ्याइतकं कोणाला ठाऊक न्हाई. तेवढं पुरेल असं वाटलं होतं.

दसऱ्याच्या दुपारी ढोल चांगला लागला होता. गाणाऱ्यांनी देवाच्या जन्माची ओवी धरली आणि मधला बारवेचा चरण सरळ गाळला. मी डोळे मिटून बसलो होतो, पण ते ऐकून राहवेना. उठलो. हात वर करून म्हणालो, "थांबा, थांबा! बारव राह्यली. आधी बारव, मंग वारूळ."

ढोल थांबला. आणि ढोल थांबल्याबरोबर, माझ्या पाठीमागे, गोपिकाबाईच्या हातातली तेलाची वाटी पडली.

ती समईत तेल घालायला आली होती. रोजच येत असे, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. तुला सांगायला नको, पण पुस्तकवाल्याला सांगतो: आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिराशी बोलत न्हाई. तू हैदराबादला गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिने रांधलेलं मी खाल्लं, पण माझ्याशी एक शब्द तिच्या तोंडून निघाला न्हाई. जे काही असेल ते आईमार्फत. "आत्याबाई, त्यांना म्हणावं, पाणी तापलंय."

मी वळलो तर तिचा पदर खांद्यावर होता. तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. ती सरळ माझ्याकडे बघत होती आणि आवाज आबांचा होता. म्हणजे आबा वाऱ्यात असताना जो असे, तो.

"कडूबाच्या लेका, ओवी चुकली तर म्या ऐकून घेतो. तुला कशाला तरास? बस खाली."

मी बसलो. घोंगड्यावर न्हाई, जिथे होतो तिथेच, जमिनीवर.

मग पुढच्या सालाची भाकणूक झाली, रीतीप्रमाणे. आधी पाऊस, मग पीक, मग मेंढरांचा आजार. तिला यातलं कोणी शिकवलेलं न्हाई, मी तर न्हाईच. शेवटी तिने घराकडे बोट केलं. "धाकल्याचं ताट किती दिस पालथं ठेवता रं? सुलटं करा, न्हाई तर मोडीत घाला. मला त्याच्या आडून बघाया लागतं."

हे ताट तुला आठवत असेल किंवा नसेल. पितळेचं, काठाला पोचा आलेलं, तू जेवायचास ते. गोपिकाबाई ते दर सणाला चिंचेने घासते आणि फळीवर पालथं ठेवते. कोणी त्यात जेवत न्हाई. मी एकदा घेतलं होतं तर आई म्हणाली, "राहू दे, ते राधूचं हाये."

कचरू उभा राहिला. "वारं खरं का घरचं? बाईमाणसाला कधी आल्तं? न्हाई, मी न्हाई म्हणत, बुक म्हणतंय. धुळाजी, तूच पारावर वाचून दाखवलं न्हाईस का? तुझ्या भावानं छापलंय ना?"

खरं होतं. फर्मे आले त्या दिवशी मी पारावर बसून पान चौसष्ट वाचून दाखवलं होतं, उर्दूतलं मराठीत करून. "स्त्रीच्या अंगी हे वारं येत नाही, काठी बापाकडून लेकाकडे जाते." तू त्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं केलंस. आणि ते वाक्य माझं. मीच तुला कळवलं होतं, तू खाली टीप दिलीस: 'एका जाणकार धनगराच्या सांगण्यावरून.' ती टीपही मी पारावर वाचली. कोणीतरी विचारलं, हा जाणकार कोण? मी सगळ्यांना कळेल असा बसलो होतो.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुसतं "बराबर आहे" म्हटलं असतं तर काठी ओढ्यापलीकडे गेली असती, गोपिकाबाई दिवाळीआधी तुझ्याकडे आली असती आणि तुझं पुस्तक जसंच्या तसं निघालं असतं. माझं वाक्यही राहिलं असतं.

तेवढ्यात दारातून आई बोलली. "माझ्या सासूला आल्तं की. तिच्या हातात काठी होती, ती मेल्यावर मंग तुझ्या आबाकडं आली."

मी म्हणालो, "आई, हे तू कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी मला इचारलंस? गड्यांना इचारत फिरलास समदीकडं."

राधाकिसन, बिरोबाच्या प्रत्येक भगताची पिढी मी लिहून काढली आहे. त्यासाठी अंबडपर्यंत पायी गेलो, म्हाताऱ्यांच्या उशाशी बसलो. आणि आई रोज माझ्या समोर बसून ज्वारी पाखडत होती.

मी कचरूला म्हणालो, "बुक चुकलंय. म्या सांगितलेलं चुकलंय." आवाज मोठा लागला असावा, कारण झाडावरचे पारवे उडाले. मग देव्हाऱ्यातून काठी काढली आणि गोपिकाबाईपुढे ठेवली. तिने ती घेतली आणि तिथेच पडून झोपी गेली.

कचरू जाताना म्हणाला, "चल, आता हिलाच इचारत जा तुझ्या बुकातलं." पण पाया पडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर पुन्हा नाकापर्यंत. "आत्याबाई, त्यांना म्हणावं, भाकर वाढलीय." मी जेवलो. मी आईला म्हणालो, तिला विचार, राधूला काय लिहू? पेटी तर तिने तुझा निरोप आला त्याच दिवशी भरली होती. लुगडी, आरसा, आणि मोगऱ्याचं रोप मडक्यात. अकरा वर्षं वाट बघून भरलेली पेटी ती. आता वर्षभर शिवेबाहेर राहता येत न्हाई.

आई आत गेली. मग आईने बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं, मीही जसंच्या तसं लिहितो: "लिहा म्हणावं, पेटी सोडलेली न्हाई. पण मला येता येत न्हाई, तवा त्यांनीच यावं. माझ्या देवाबद्दल काय लिहिलंय ते मला वाचून दाखवावं. चुकलं तर मी सांगीन."

आता पान चौसष्ट. ते वाक्य काढ. त्यावर उभं केलेलं प्रकरणही काढावं लागेल, हे मला कळतं. पुस्तक लांबेल, नेमणूकही लांबेल. तुझ्या कॉलेजातले लोक म्हणतील, आयत्या वेळी का बदललं? त्यांना सांग, माझी बायको काठी घेऊन उभी राहिली. हे सांगायला तुला जड जाईल. तुझ्या तिकडच्या किती लोकांना तुला बायको आहे हे माहीत आहे, ते मला ठाऊक न्हाई.

मागे एकदा मी हैदराबादला आलो होतो, लोकर विकायला. तुला कळवलं न्हाई. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलो होतो. तू ईश्वराच्या अस्तित्वाच्या प्रमाणांवर बोलत होतास आणि फार छान बोलत होतास. मधेच तुझी नजर माझ्या घोंगडीवर आली, थांबली, आणि तू पुढचं प्रमाण सुरू केलंस. वेळ संपत आली होती, मला समजतं. बाहेर थोडा वेळ थांबलो होतो. तुला घाई असावी.

ती प्रमाणं मी गाडीत परतूरपर्यंत मनात घोकीत आलो. तू एक सोडलंस, ते लिहून कळवणार होतो, पण मग राहून गेलं.

तपशिलात कळवा म्हणालास, तर एक तपशील राहिला. मी नऊ दिवस बसलो. मला आलं न्हाई. एकदाही न्हाई, हाताला कापरंसुद्धा न्हाई. हे पुस्तकात घालायचं असेल तर घाल, टिपेत माझं नाव घालून.

पुढच्या पत्रात प्रश्न पाठवू नकोस. असतील ते इथे येऊन तिला विचार. मी बाहेर बसेन, मधे बोलणार न्हाई.

आज सकाळी फळीवरचं तुझं ताट मी काढलं आणि सुलटं करून चुलीजवळ ठेवलं. खाली टेकवताना वाजलं. आई ओसरीवर होती. डोळ्यांना दिसत न्हाई, पण प्रत्येक भांडं ती आवाजावरून ओळखते. ती उठली, भिंत धरत दारापर्यंत आली, आणि म्हणाली, "राधू आला का?"

मी अजून तिला उत्तर दिलेलं न्हाई.

पान चौसष्टवरचा जाणकार धनगर,
तुझा दादा,
धुळाजी कडूबा