इथला पहिला मजला

ट्रॉय, मिशिगन

ती. बाबा,

तुम्हाला नमस्कार, आईलाही. फोनवर ती स्पीकर लावते, म्हणून हे लिहून कळवते आहे.

डिजिटल लॉजिकचा प्रोजेक्ट संपला एकदाचा. चार मजल्यांची खेळण्यातली लिफ्ट बनवायची होती. पार्टनर अनीश, सुनेत्राकाकूंचा मुलगा, इथेच जन्मलेला. त्याने महिनाभर नुसतं प्लॅनिंग केलं. रंगीत चार्ट काय, लिफ्टला नाव काय, लोगो काय. वायरीला हात म्हणून लावला नाही. सर्किट सगळं मी जोडलं. शेवटी त्याने बटणांवर एक ते चार आकडे चिकटवले, तेही वाकडे.

डेमोला लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. सरांनी एकचं बटण दाबलं आणि ती वर निघून गेली. बरोबरच गेली. माझ्या सर्किटमध्ये तळमजला शून्य होता. अनीश म्हणतो, "ताई, ग्राउंड इज वन." महिनाभराच्या मीटिंगांत हे एक वाक्य त्याला सुचलं नाही. जमिनीवर उभं राहून ही माणसं स्वतःला पहिल्या मजल्यावर समजतात, आणि मार्क माझे कापतात.

वायरी बदलून दिल्या, पास झाले. काळजी नको.

तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नका.

आई सारखी विचारते, खोलीच्या खिडकीपाशी बाहेरून कुणी येऊ शकतं का. तिला सांगा, आश्लेषा पहिल्या मजल्यावर राहते. इथे पहिला मजला कुठला, ते मात्र तुमच्यापाशीच राहू द्या.

तुमची,
आश्लेषा