खिडकी तीन मिलिमीटर खाली

तिसरे पातेही तुटले तेव्हा करवत खाली ठेवली, पितळेचे छोटे इंजिन व्हाइसच्या पकडीत तसेच राहू दिले आणि हा कागद ओढला. पात्याचा तुकडा केबिनच्या पत्र्यात अडकला आहे. तो नंतर काढीन.

वय चौऱ्याहत्तर. धंदा फिटर, आता निवृत्त. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत टाचला आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेले नाही, कसल्या औषधाची गुंगी नाही. रागात आहे. राग म्हणजे बेशुद्धी नव्हे, हे वकिलाला विचारून घेतले आहे. छातीचा फोटो गेल्या आठवड्यात निघाला. माझी लेक दवाखान्यात हेच काम करते. फोटो तिनेच काढला आणि मला दाखवला नाही. त्यावरून समजलो.

माझ्यामागे माझ्या वस्तूंचे असे करावे.

१. घर लेकीचे. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते ती रंग लावून झाकू नये. वरच्या मजल्यावरचा पाइप गळतो. वरच्याशी मी नऊ वर्षे भांडलो, पुढचे तिने भांडावे. भांडण घराबरोबर देत आहे.

२. बँकेत जे असेल तेही तिचेच.

३. जावई माणूस वाईट नाही. येतो तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि उठत नाही, म्हणून ती खुर्ची त्याला. कामाच्या टेबलावर चहाचा कप ठेवू नये हे त्याला बारा वर्षे सांगतो आहे. टेबल त्याला नाही.

४. टेबल, छोटा लेथ, ड्रिल, व्हाइस आणि सोल्डरिंगचे सगळे सामान लेकीला. तिला हे काम येते. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. तोवर दोन भाग जुळवून धरण्याचे काम आईकडे होते. पितळ तापून बोट भाजले तरी सोल्डर थिजेपर्यंत ती सोडत नसे. म्हणायची, "तुमचं झालं की सांगा, मला ओरडायचंय." तिच्यानंतर लेक धरते. तीही सोडत नाही, पण ओरडते आधी.

कानशी सहा आहेत. लाकडी मुठीची अर्धगोल ही पहिली. मी उमेदवार असताना ज्या म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली होतो, त्याने कारखाना सोडताना ती माझ्या हातावर ठेवली होती. लेकीने ती जपावी आणि कोणाला हाताळायला देऊ नये. धाकट्याला तर नाहीच.

५. आता धाकटा.

हा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी कारखान्यात पितळ घासत होतो तेव्हा हा वरच्या मजल्यावर ड्रॉइंग काढत असे. खालचे लोक त्याला कागद्या म्हणत. नोकरी सुटल्यावर त्याने वाफेच्या इंजिनांची किटे काढायला सुरुवात केली. पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लाने भाग कोरलेले असतात. ते सुटे करायचे, कोरलेल्या रेघेवर दुमडायचे, जिभा खाचांत बसवायच्या आणि सोल्डर करायचे. चार-पाच महिन्यांत छोट्या रुळांवर उभे राहील असे तळहाताएवढे इंजिन तयार होते. म्हणजे व्हायला हवे.

त्याचे पहिले किट आमच्या वडिलांच्या इंजिनाचे होते. वडील कारखान्याच्या आवारात डबे ओढणाऱ्या इंजिनावर ड्रायव्हर होते. ते इंजिन केव्हाच भंगारात गेले आणि त्याची ड्रॉइंगे रद्दीत गेली. खालचा सांगाडा धाकट्याने तशाच दुसऱ्या एका इंजिनावरून घेतला. केबिन मात्र आमच्याच कारखान्यात नव्याने बांधलेली होती. तशी दुसरी कुठेच नव्हती, ती त्याने आठवणीने काढली.

मी ते किट उघडले आणि पहिल्या दिवशी तीन तास नुसता बसून राहिलो. बॉयलरचा पत्रा गुंडाळला की दोन मिलिमीटर कमी पडे, कारण गुंडाळताना पत्र्याची जाडी धरायची असते हे ज्याने कधी काही गुंडाळलेच नाही त्याला कसे कळणार. घडीच्या रेघा उलट्या बाजूला कोरलेल्या, दुमडले की तुकडा हातात. जोडदांड्याची भोके चाकांच्या अंतराशी जुळत नव्हती. ज्याने हे काढले त्याने स्वतः एकही बांधलेले नव्हते. आजतागायत बांधलेले नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच, आणि याला तर उंटही कागदावरचा.

माहितीपत्रकात जिथे जिथे अडचण होती तिथे एकच वाक्य छापले होते: घासून बसवावे.

मी घासून बसवले. अकरा महिने लागले. मग एका सभागृहात अशा इंजिनांचे प्रदर्शन भरले. ही म्हणाली, भाऊ आहे, द्या त्याला मांडायला. दिले. दुपारी मी गेलो तर धाकटा माझे इंजिन हातात धरून गिऱ्हाइकांना सांगत होता की बघा, माझं किट किती सहज बसतं. लोक किटचे डबे उचलत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे बसत नाही. मी बसवलंय."

तो हसला. म्हणाला, "दादाचा हातच तसा. सरळ वस्तू दिली तरी तो घासणार."

सभागृह हसले. त्याला अकरा वर्षे झाली. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही.

६. बोललो नाही, पण लिहिले. मोजमापे आणि आकृत्यांसकट एकतीस पत्रे. त्यांच्या नकला निळ्या फायलीत आहेत, फाइल लेकीला. धाकट्याने एकाही पत्राला उत्तर दिले नाही. पण त्याने दुसरी आवृत्ती काढली, आणि तीत बॉयलरचा पत्रा दोन मिलिमीटर वाढवलेला होता. माझे चौथे पत्र. तिसऱ्या आवृत्तीत घडीच्या रेघा आत गेल्या. नववे पत्र. प्रत्येक डब्यावर 'सुधारित' असे छापलेले. कोणी सुधारले ते छापलेले नाही. एक चूक काढताना तो दुसरी घालून ठेवी. प्रत्येक आवृत्ती मी शेजारच्या कंपाउंडरच्या नावाने मागवली, कारण माझे नाव त्याच्या गिऱ्हाइकांच्या यादीत मला नको होते. कंपाउंडरला आता दर वर्षी धाकट्याकडून शुभेच्छापत्र येते. तो ते मला मुद्दाम वाचून दाखवतो.

सगळ्या आवृत्त्यांत एक चूक मात्र जशीच्या तशी राहिली. केबिनची खिडकी तीन मिलिमीटर वर आहे. इथले तीन म्हणजे खऱ्या इंजिनावरचे जवळजवळ तेरा सेंटीमीटर. वडील त्या खिडकीत कोपर टेकून बसत. धाकट्याच्या खिडकीत कोपर टेकायचे तर माणसाचा खांदा कानाला लागेल. एकतीसपैकी चौदा पत्रांत मी ही खिडकी लिहिली आहे. दर वेळी मी ती खालून कापतो आणि वरून पट्टी सांधतो. सहाव्या इंजिनावर तेच चालले होते. सातवी आवृत्ती काल आली. डबा उघडला, मोजपट्टी लावली. खिडकी तिथेच.

माझी पाच पुरी झालेली इंजिने आणि सहावे अपुरे कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी ठेवावीत आणि खाली लिहावे की किट सदोष होते.

७. माझ्यामागे धाकट्याने या घरात पाऊल टाकू नये. मला शेवटचे बघायला येऊ नये. आलाच तर त्याला जिन्यावरून परत पाठवावे आणि सांगावे की घासून बसवून घे.

साक्षीदार:

इथवर लिहून झाले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. पुढचे त्याच दिवशी नंतर लिहीत आहे.

कंपाउंडर सही करायला आला होता. लेकही कामावरून परस्पर इकडे आली. वकिलाने बजावले आहे की ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून लेक बाद, जावई खुर्चीमुळे बाद. कंपाउंडर म्हणाला की त्याला काहीच मिळत नाही हे त्याने मघाशीच वाचले आणि तरीही तो सही करतो आहे, एवढे नमूद व्हावे. नमूद केले. दुसरा कोण यावर विचार चालला होता. लेक सोल्डरची तार गुंडाळत होती.

"काकाला बोलवा," ती म्हणाली. "त्याला तुम्ही काहीसुद्धा देत नाही. त्याच्याइतका पक्का साक्षीदार कुठे मिळणार?"

कंपाउंडर हसायला लागला. मी तिला सातवे कलम वाचायला दिले. तिने ते उभ्यानेच वाचले, मग मागे जाऊन सहावेही वाचले. मला वाटले रडेल. तिने विचारले की तुमची एवढी पत्रे त्याने मुकाट्याने मानली, मग ही एक खिडकी का नाही मानली? मी म्हणालो, हेका. ती म्हणाली की हेकेखोर माणूस बाकीचे तरी कशाला मानेल. आणि मग तिने विचारले, आजोबा तुम्हा दोघांना केबिनमध्ये नेत तेव्हा काका केवढा होता?

सहा वर्षांचा. मी चौदाचा.

"काका मला एकदा म्हणाला होता," ती म्हणाली. "त्या खिडकीतून त्याला कधी काही दिसलंच नाही. टाचा उंचावल्या की नुसती बोटं पोचायची."

हे मला ठाऊक होते. विसरलो होतो असेही म्हणता येत नाही. सुटीच्या दिवशी वडील आम्हाला आवारात एक फेरी मारून आणत. खिडकी एकच, वडिलांच्या पलीकडे उरलेल्या जागेत मी कोपर टेकून उभा राहत असे. धाकटा मागून माझा सदरा ओढायचा. "दादा, उचल ना." वडीलही म्हणायचे, उचल रे त्याला. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. मी त्याला एकदाही उचलले नाही.

लेकीने तार गुंडाळून झाल्यावर जागेवर ठेवली आणि घरी गेली. कंपाउंडर जाताना म्हणाला की सही त्याने केली आहे, पण सातवे कलम राहणार असेल तर उद्या येऊन तो ती खोडणार आहे.

माझा राग गेलेला नाही. सहा वर्षांचे असणे समजू शकतो. पंचावन्नाव्या वर्षी मोजपट्टी न लावता पत्रा कोरून विकणे समजू शकत नाही. आठवण म्हणजे माप नव्हे, आणि असलीच तर कोणत्या उंचीवरून घेतली ते गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे. म्हणून:

सातवे कलम रद्द. एकच रेघ मारली आहे, खालचे वाचता येते. ते वाचता यावे अशीच माझी इच्छा आहे.

८. सातवे किट धाकट्याला. हे माझ्यामागे नव्हे, आताच द्यायचे. मेल्यावर दिले तर तो बांधणार नाही, आणि बांधताना त्याचे तोंड मला बघता येणार नाही. त्याने ते माझ्या टेबलावर, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने बांधावे. सोबत त्याचेच माहितीपत्रक वापरावे. भाग धरायला लेक मदत करील. मी करणार नाही.

खिडकी कोरली आहे तिथेच राहू द्यावी. पुढच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात मात्र छापावे: खिडकीची उंची सहा वर्षांच्या मुलाने पाहिली तशी आहे. त्याला कोणी उचलले नव्हते.

इंजिन पुरे झाले तर माझी सहाही त्याला. झाले नाही तर सहावे कलम कायम. मी आधी गेलो तर लेकीने त्याच्याकडून पुरे करून घ्यावे. सहाव्या इंजिनात पात्याचा तुकडा आहे तो काढू नये, खिडकी अर्धी कापलेली तशीच ठेवावी.

आता धाकट्यालाही काही मिळत असल्याने तोही साक्षीदार म्हणून बाद. खालच्या शिंप्याला वर बोलावले. त्याने विचारले की आत काय लिहिले आहे. कंपाउंडर पुन्हा आला होता, तो म्हणाला, भांडण. शिंपी म्हणाला मग ठीक, आणि चष्मा मागून घेतला.

या कागदाखाली मी दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

सही: फिटर, निवृत्त
साक्षीदार पहिला: कंपाउंडर, शेजारी (सही कायम ठेवली)
साक्षीदार दुसरा: शिंपी, तळमजला
स्थळ: कामाची खोली
तारीख: सतरा, शनिवार

दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद. लेकीने फोन केला होता. धाकटा साडेआठला आला. जाड झाला आहे. जिन्याने दम लागला होता. खुर्चीत बसला नाही, टेबलाशी बसला. डबा उघडला, फ्रेमचे दोन पत्रे सुटे केले आणि जीभ खाचेला लावली. गेली नाही. उलटी करून लावली. गेली नाही. मग म्हणाला, "दादा, हे बसत नाही."

त्याने कानस मागितली. लाकडी मुठीची, पहिली दिली.