गिटारची दांडी

२४ मे, रवि.
धोंड्याचा महिना. ताई-भाऊजी अकोल्याहून जेवायला. पुरणाचे धोंडे, पाटावर जवाईबापू, वाणाला अनारसे. मी बर्फ आणायला गेलो तेवढ्यात भाऊजींनी भिंतीवरची माझी गेमची गिटार मागितली आणि बाबांनी काढून दिलीसुद्धा! "जवायानं तोंडानं मांगतलं, नाही कसं म्हनू?" मग स्वतःची गाडी द्यायची होती. ताई मुकाट्यानं अनारसा खात बसली.

२५ मे
टीव्हीवर गाणं सुरू, रंगीत ठिपके खाली येतायत, हातात काही नाही. प्लास्टिकची आहे, दांडीवर पाच बटणं, खाली एक पट्टी; ठिपका आला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी मारायची. मान्य. पण आता तशी बनतच नाही. ७ तारखेला गेम पार्लरमध्ये स्पर्धा, गिटार आपापली आणायची. आयुष्यात एक गोष्ट बरी जमते मला, तीही जावयाच्या घशात. त्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

२७ मे
ताईला फोन. म्हणे, "देल्लं ते देल्लं." कट.

३१ मे, रवि.
अकोला. ऊन डोक्यात. भाऊजी दुकानात. दाराबाहेरूनच पट्टीची कटकट ऐकू आली. आत ताई, ओढणी कमरेला, गिटार गळ्यात. टीव्हीला जोडायचा गेमचा जुना डबा भाऊजींनी कुठूनसा आणून दिलेला. एक ठिपका चुकत नव्हता तिचा.
"म्हंजे तू मांगायले लावली?"
"मंग? लग्नात म्या मांगतली, त बाबा मने, पोरगी सासरी खेळनं नेते काय? जवायाले कोन नाही म्हनते!"
"मले सांगाचं होतं."
"तू देल्ली असती?"
नसती. दोघांत मिळून घेतलेली, तरी नसती.
मी दांडी ओढली. तिनं खालचा भाग सोडला नाही. दांडी अडकवायचा मागचा खटका कधीचा सैल. दांडी बटणांसकट माझ्या हातात आली. तसाच निघालो, पाणीही न पिता. मागून ओरडली, "जाय घेऊन! वाजव निरी दांडी, खालच्या भागाबिगर!"

७ जून
स्पर्धा झाली असेल. गेलो नाही.
बाबा सकाळपासून मागे. "जवाई नाराज झाले त तोंड कसं दाखवू? नेऊन दे दांडी." शेवटी सांगून टाकलं, जावई नाही वाजवत, तुमची पोरगी वाजवते.
बाबा उठून दारापर्यंत गेले, परत आले. मग, "मंग तिनं मलेच कावून नाही मांगतली?"
मागितली होती! ओरडलोच. बाबा जेवले नाहीत.

१० जून
खरं लिहितो. ती माझ्याहून चांगली वाजवते, त्याचीच आग आहे. ती गेल्यापासून मला हरवणारं घरात कोणी नाही, त्याचीही. म्हणून दांडी देईन असं नाही.
आता खाली ऑटो थांबला. ताई. एकटीच, काखेत गिटारचा खालचा भाग. द्यायला आली की न्यायला, कळत नाही. बाबा आधीच दारात जाऊन उभे. दांडी कपाटात टाकली, किल्ली खिशात.