घडीचं टेबल

ती. बाबांना,
तुमच्या थोरलीचा वाकून नमस्कार.

फोनवर आई तुमच्या शेजारीच असते, म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही करून पाठवलेलं घडीचं टेबल बसवलं. खोली इतकी अरुंद आहे की टेबल उघडलं की दार उघडत नाही. पण दिवसभर कोणी येतच नाही, त्यामुळे अडचण होत नाही. वायरी बांधून मागे सोडल्या, वह्या फळीवर लावल्या. कॅमेऱ्यात फक्त स्वच्छ भिंत दिसते. साहेब म्हणाले, "वा, घरातच ऑफिस थाटलंत की!" मी हसले.

एवढं मोठं ऑफिस असताना घरी टेबल कशाला, असं तुम्ही विचारलं होतं. बाबा, ऑफिस बंद झालं. बारा जणांपैकी आम्हा चौघांनाच घरून काम दिलंय, तेही महिनाअखेरपर्यंत. पुढचं कोणी बोलत नाही. मी मन लावून करते आहे. चांगलं काम वाया जात नाही, असं मला अजून वाटतं.

घरातली पहिली पदवीधर ऑफिसात बसते, हे आईने गल्लीभर सांगितलंय. तिला तुम्हीच सांगा, माझा धीर होत नाही. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव लाकडाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिता. काल टेबल उलटं केलं तेव्हा माझं नाव शोधलं. तिथे तुम्ही 'ऑफिसर मॅडम' लिहिलंय. खोडरबर हातात घेतला होता, बाबा. पण पुसवलं नाही.

जेवणाच्या वेळा सांभाळा.

तुमचीच,
थोरली