चौथ्या मजल्याची उंची

११ जानेवारी, रविवार
तिसरं रॉकेटही हरवलं! सरळ वर गेलं, पॅराशूट झकास उघडलं, आणि वाऱ्याने नेलं ते माळापलीकडच्या झाडीत. तीन तास शोधलं. बाबा गुडघा धरून दगडावर बसलेले आणि तिथून मलाच सूचना — डावीकडे बघ, अजून डावीकडे. जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले, आणि स्वतःचं रॉकेट सापडेना! तसं म्हटलं तर गाल फुगवून बसले. परत येताना ठरलं, पुढच्या रॉकेटच्या टोकात जीपीएस बसवायचं. विकतचं नाही. घरी बनवायचं.

२४ जानेवारी
दिवसभर दुकानात लोकांच्या कानाची मशीनं दुरुस्त करायची आणि घरी येऊन पुन्हा तेच — सोल्डर, भिंग, आखडलेली मान. पण मजा येतेय. बोटभर पट्टीवर अख्खा ट्रॅकर मावला: जागा सांगणारं जीपीएस, हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर, रेडिओ, बॅटरी. बसवायला बाबांनी खोकल्याच्या गोळ्यांची डबी रिकामी करून दिली. अर्ध्या गोळ्या एकदम खाल्ल्या.

एक राहिलंय. बॅटरी लावल्यापासूनच मेमरीत नोंदी सुरू होतात. खरं तर रॉकेट उडाल्यावरच सुरू व्हायला हव्यात. नंतर बदलीन. बाबांना मात्र सांगून टाकलं, बदललं म्हणून. नाहीतर रोज डोकं खातील.

१ फेब्रुवारी
बाबा ट्रॅकर खिशात टाकून बाहेर पडले. उंच इमारतींमध्ये उपग्रह सापडतात का, बॅटरी किती टिकते, हे म्हणे फिरूनच कळतं. बसने गेले, तीन तासांनी आले. हिरवा दिवा लुकलुकत होता — एवढाच अहवाल.

१५ फेब्रुवारी
पुन्हा रविवारची फेरी. मीही येते म्हटलं, तर म्हणाले, तू रॉकेटचे पंख घास. घासले. नखं गेली माझी.

२० फेब्रुवारी
ताईचा वाढदिवस. स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून फोन केला. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. सात वर्षं हेच चाललंय.

आईच्या ऑपरेशनच्या कागदावर ताईने सही केली. बाबा नको म्हणत होते. आई टेबलावरून उठलीच नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात बाबा ताईला म्हणाले, "तू मारलंस तिला." एकदाच म्हणाले. पण परत घेतलं नाही. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. या घरात तिचं नाव निघेनासं झालं. मी आपली दोघांच्या मधली टपालपेटी. पत्र कुणीच टाकत नाही.

१ मार्च
रॉकेटला रंग दिला. केशरी. गवतात दिसावं म्हणून. पाच एप्रिलला उडवायचं, बाबांनी कॅलेंडरवर गोल केलाय.

१५ मार्च
बाबा आज जेवणाची वेळ टळून गेल्यावर आले. धाप लागलेली, ओठ पांढरे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर खेकसले. बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने ट्रॅकर माझ्या हातात दिला. झालं टेस्टिंग, म्हणाले, आता नको. असं कसं? बॅटरी किती टिकली? त्यांनी डोळे मिटून घेतले. माझंही डोकं फिरलं. ताट त्यांच्यापुढे आदळलं आणि आत निघून आले.

१९ मार्च
बाबा गेले. सकाळी, आरशासमोर. दाढीचा साबण एका गालावर तसाच.

२१ मार्च
ताई आली. तासभर होती. बाबांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, दाराशीच उभी. मी म्हटलं, रॉकेट तयार आहे, ठरल्या दिवशी दोघी मिळून उडवू. ती म्हणाली, "सात वर्षांत एकदा तरी माझ्या दारात आले का ते?"

नव्हतेच आले. गेलेल्या माणसावर इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. मला आता ताई हवी आहे. दुसरं कोण उरलंय?

४ एप्रिल
उद्यासाठी ट्रॅकर सुरू केला तर लाल दिवा. मेमरी भरली! भरेल कशी? उडालाच नाही अजून. मग लक्षात आलं — नंतर बदलीन म्हटलेलं बदललंच नव्हतं.

पुसायच्या आधी लॅपटॉपवर उघडलं. सात रविवार. सातही रेघा एकाच ठिकाणी जातात. बस, मग चालत, मग ताईच्या इमारतीसमोरचा बाक. सहा रविवार ठिपका बाकावरच — कधी अर्धा तास, कधी तास. मग घरी.

सातवा रविवार, पंधरा मार्च. ठिपका रस्ता ओलांडतो. इमारतीशी जाऊन थांबतो. आणि उंची वाढायला लागते. तीन मीटर. चार मिनिटं तिथेच. सहा मीटर. पुन्हा थांबले. नऊ. बारा. त्या गुडघ्याने! वर अकरा मिनिटं. मग हळूहळू खाली.

आणि घरी आल्यावर मी ताट आदळलं. दोन तास रडतेय.

ताई त्या दिवशी घरी नसणार. तिला हे दाखवायलाच हवं. आले होते बाबा, ताई. आले होते!

५ एप्रिल
रॉकेट घरीच ठेवलं. लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले. बसमध्ये चक्क आनंदात होते मी.

ताईने आलेखावर बोट ठेवलं. तीन, सहा, नऊ, बारा. वरच्या सपाट रेघेवर बोट थांबलं. इथे किती वेळ, तिने विचारलं. अकरा मिनिटं, मी म्हटलं.

"मला वाटलं, पाचेक मिनिटं असतील," ताई म्हणाली. "बेल वाजली तेव्हा दाराच्या भिंगातून पाहिलं मी त्यांना. उघडलं नाही."