सदतिसाव्या पानाची चूक

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच घातला आहे, उरलेला भेटीत.) तुमचा खोकला कसा आहे ते विचारणार होते, पण मामी पाच दिवसांपासून माझ्याकडेच आहे आणि दर जेवणाला तुमच्या खोकल्याचं वर्णन करते, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. ती रागावून निघून आली आहे, असं तीच सांगते. पण येताना तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी शेजारणीकडे देऊन आली, तेव्हा तिचा राग कितपत खरा धरायचा ते तुम्ही ठरवा.

रागाचं कारण मात्र वाजवी आहे. आपला भोवरा (तिशी उलटली तरी एका जागी न बसणारा तुमचा एकुलता एक) पाच दिवस कोठडीत बसून आहे, कारण त्याने आपल्या दोन पानी साप्ताहिकात ‘निवडणूक कधी?’ एवढंच विचारलं. त्याला कुठे ठेवलंय हेही कोणी सांगत नाही. आणि ज्यांनी या नव्या देशाची एक सोडून दोन संविधानं लिहिली ते तुम्ही मामीला म्हणालात, की नव्यात त्याला सोडवणारं कलमच नाही तर मी काय करू. असं म्हणून तुम्ही पेपर उघडलात म्हणे. मामा, लहान तोंडी मोठा घास घेते, पण पेपर उघडायला नको होता.

आता मी पडले मुद्रितशोधक, मला कायद्यातलं काय कळणार. पण सरकारी छापखान्यात दोन्ही संविधानं मी अक्षर न् अक्षर वाचली आहेत, आणि संविधान सभेतल्या दोनशे जणांपैकी कितीजण असं म्हणू शकतील याची मला शंका आहे. पहिलं वाचताना मी रडले होते (प्रुफावर डाग पडला, छपाईचे खिळे जुळवणारे आमचे जुळारीकाका खेकसले). फार मोठ्या मनाचं होतं ते. बोलायची मुभा, लिहायची मुभा, कोणालाही पकडलं तर एका दिवसात न्यायाधीशापुढे उभं करायचं आणि घरी कळवायचं. पण झेंड्याच्या लांबी-रुंदीवर तुम्ही सगळे तीन आठवडे भांडलात, आणि अध्यक्षांना खुर्चीवरून उठवायचं कसं हे प्रकरण एका दुपारी उरकलंत, कारण सभागृहातला पंखा बंद पडला होता. शिवाय अध्यक्ष समोरच बसलेले. देवमाणूस, त्यांच्या तोंडावर हे विचारायचं कसं? देवमाणसाने दुसऱ्याच वर्षी सगळ्या सभेला घरी पाठवलं.

दुसरं संविधान नव्या, निवडून दिलेल्या नव्हे तर निवडून घेतलेल्या सभेसाठी तुम्हाला चार दिवसांत लिहावं लागलं. खरं सांगू, कामाच्या दृष्टीने ते पहिल्यापेक्षा नीट आहे. कोणी कशावर सही करायची, पगार कोणी काढायचा, अध्यक्ष आजारी पडले तर काय, सगळं स्वच्छ. फक्त प्रत्येक हक्काच्या शेवटी ‘कायद्याने मनाई नसल्यास’ आहे. हे शब्द इतक्यांदा आले, की जुळारीकाकांनी त्यांचे खिळे सुतळीने आवळून एक ठोकळाच करून ठेवला. हक्क आला रे आला की शेवटी ठोकळा. आणि कोठडीचं कलम तर तुम्ही काढूनच टाकलंत. पहिल्या घराला नुसत्या खिडक्या होत्या, कडी नव्हती. दुसऱ्याला कड्याच कड्या, आणि गवंडी मात्र तोच.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे रीत अशी, की जुळवलेली पानं लगेच मोडायची नाहीत, बांधून फळीवर ठेवायची, पुन्हा लागली तर श्रम वाचतात. त्या चार दिवसांच्या घाईत जुळारीकाकांच्या हाताला (वय सत्तर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली) पहिल्या संविधानाचं सदतिसावं पान लागलं आणि ते दुसऱ्यात गेलं. म्हणजे कोठडीचं कलम, ठोकळ्याशिवाय, जसंच्या तसं. सभेने छापील प्रत एकमताने, म्हणजे न वाचता, मंजूर केली. पानोपानी सह्या आहेत, सदतिसाव्यावर तुमचीही आहे. तुम्हीही वाचलं नव्हतं, की वाचून गप्प बसलात, ते मी विचारणार नाही. पण सह्या झालेली छापील प्रत हाच कायदा, हे वाक्य तुमचंच आहे.

काल कायदा खात्यातल्या एका कारकुनाने ते पान वाचलं (संविधानाला एक तरी वाचक मिळाला). आज सकाळी तीन ओळींचं शुद्धिपत्र छापायला आलं, की सदतिसाव्या पानावरचं कलम ही छपाईची चूक समजावी. त्यावर एकच सही लागते, मसुदा समितीच्या सचिवाची, म्हणजे तुमची. त्या तीन ओळींत मी आतापर्यंत सतरा चुका काढल्या आणि चार वेळा प्रूफ परत पाठवलं. दुपारपर्यंत ताणणार. साहेब दोनदा येऊन डोळे वटारून गेले, तरी ताणणार. त्यानंतर ते कागद तुमच्या टेबलावर येतील आणि माझ्या हातात काही राहणार नाही.

बाकी सर्व क्षेम. औषध वेळेवर घ्या.

तुमची हट्टी भाची

ता. क. : शुद्धिपत्रावर सही करू नका. सोबत सदतिसावं पान जोडलं आहे, ते घेऊन दुपारच्या आत न्यायालयात जा. तुमचं पद जाईल हे मला ठाऊक आहे. माझीही नोकरी जाईल, मग दोघं मिळून खोकल्याबद्दल बोलू.

आणखी एक : जुळारीकाकांना दोष देऊ नका. म्हाताऱ्याला अजून अंधारातही खिळा ओळखता येतो. ते पान फळीवरून मीच काढून दिलं आणि प्रुफावर ‘बरोबर’ अशी खूणही मीच केली. तेव्हा भोवरा मोकळाच होता, त्यामुळे मी ते कोणासाठी ठेवतेय हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही इतकं चांगलं लिहिलेलं मोडवेना, एवढंच.

शेवटचं : पत्र मामीच घेऊन येते आहे. तुमचं वाचून होईपर्यंत ती दारातच थांबणार, चप्पल काढणार नाही म्हणते. तिला बस म्हणू नका. तिच्या पिशवीत भोवऱ्याचा धुतलेला शर्ट आहे, बाहेर आल्यावर घालायला.